मुठीत दम, झोळीत पाचच वस्तू

१९७८ साली अमेरिकेत छापलेल्या एका नियमपुस्तकात असा एक संन्यासी आहे, जो समोरच्याला नुसता तळहात लावतो आणि मनाशी ठरवतो, 'हा पुढच्या गुरुवारी मरेल.' समोरचा घरी जातो, जेवतो, झोपतो, बुधवारपर्यंत ठणठणीत असतो आणि गुरुवारी खरंच जातो. ही विद्या आठवड्यातून एकदाच वापरता येते. मुदत जास्तीत जास्त किती द्यायची, तर संन्यासी जितक्या पायऱ्या चढलाय तितके दिवस. आणि तेराव्या पायरीआधी ती मिळतच नाही.

पुस्तकाचं नाव 'प्लेअर्स हँडबुक', लेखक गॅरी गायगॅक्स, खेळ 'ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स'. ज्यांनी तो कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र होतात. पात्राचा पेशा म्हणजे 'क्लास': लढवय्या, जादूगार, धर्मगुरू, चोर. काय करायचं ते तोंडाने सांगायचं, जमलं की फसलं ते फासे सांगतात. अनुभव साठला की पात्र एकेक पायरी वर चढतं. तळहातवाला संन्यासी म्हणजे यातला 'मंक' हा क्लास, आणि त्याची जन्मकथा त्याच्या विद्येहून जास्त चमत्कारिक आहे.

रेल्वे स्टॉलवरच्या पुस्तकातून मठात

१९७४ च्या जानेवारीत हा खेळ पहिल्यांदा विकायला आला, तेव्हा त्यात तीनच क्लास होते आणि मंक नव्हता. पहिली आवृत्ती फक्त १,००० प्रतींची. धर्मगुरू होता, पण तोही अध्यात्माच्या ओढीने आलेला नव्हता. गायगॅक्सचा साथीदार डेव्ह आर्नेसन याच्या घरच्या खेळात एका खेळाडूचं पात्र व्हँपायर होऊन बसलं आणि कुणाला आवरेना. त्याला वेसण घालायला क्रूस दाखवणारा माणूस हवा होता. ड्रॅक्युलाच्या सिनेमातला व्हॅन हेल्सिंग समोर होताच. तोच धर्मगुरू झाला.

मंक आला १९७५ साली, 'ब्लॅकमूर' नावाच्या पुरवणीत. पुस्तकावर नाव आर्नेसनचं. पण गायगॅक्सने पुढे अनेकदा सांगितलं की मंक ही खेळ छापणाऱ्या कंपनीतला भागीदार ब्रायन ब्लूम याची करामत. ब्लूमने ती कुठल्या मठात जाऊन शिकली? कुठल्याच नाही. तो 'द डिस्ट्रॉयर' नावाची खिशात मावणारी थरारक पुस्तकं वाचायचा. वॉरन मर्फी आणि रिचर्ड सॅपिर या दोघांनी १९७१ मध्ये ही मालिका सुरू केली. नायक रेमो विल्यम्स हा न्यूआर्कचा पोलीस. त्याला विजेच्या खुर्चीवर बसवून मेल्याचं नाटक केलं जातं आणि मग चिउन नावाचा एक चिडका कोरियन म्हातारा त्याला सिनांजू ही मारण्याची विद्या शिकवतो. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकर वाचून कुणी पोलीस खात्याची नियमावली लिहावी, त्यातला हा प्रकार.

हवा तर होतीच. १९७२ पासून अमेरिकन टीव्हीवर 'कुंग फू' मालिका चालू होती, १९७३ मध्ये ब्रूस लीचा 'एंटर द ड्रॅगन' आला, आणि १९७४ च्या डिसेंबरात कार्ल डग्लसचं 'कुंग फू फायटिंग' अमेरिकेत पहिल्या नंबरावर होतं. हे गाणं मुळात रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकण्यासाठी उरकलेलं. त्याचा निर्माता कोण? बंगळूरचा बिद्दू. तोच, ज्याने पुढे 'कुर्बानी'साठी 'आप जैसा कोई' दिलं आणि अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' केलं. ज्या लाटेवर बसून हा मंक आला, तिला ढोल बंगळूरच्या माणसाचा होता.

चोराला नऊ, साधूला पंधरा

ठाण्यातल्या बाळकुमच्या आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये माझा भाचा आणि त्याचे मित्र शनिवारी संध्याकाळी हा खेळ मांडतात. खिडकीतून मेट्रो ५ चे खांब दिसतात आणि आतली पोरं जुन्या, म्हणजे १९७८ च्याच नियमांनी खेळण्याचा हट्ट धरतात. टेबलावर फाशांचा ढीग असतो: सहा बाजूंचा नेहमीचा, आठ बाजूंचा, बारा, वीस, आणि चार बाजूंचा तो त्रिकोणी मनोऱ्यासारखा. हा शेवटचा फासा घरंगळत नाही, आपटतो. वरती टोक येतं, सपाट बाजू नाही. त्यामुळे आकडा वाचायचा कुठून यावर दर वेळी वाद. जमिनीवर पडला आणि अनवाणी पाय पडला, तर त्याची चारही टोकं लक्षात राहतात.

मंकची जीवनशक्ती याच चार बाजूंच्या फाशाने मोजतात. लढवय्याला दहा बाजूंचा फासा, धर्मगुरूला आठ, आणि बुक्क्यांनी लढणाऱ्या मंकला चार. सुरुवातीला दोन फासे मिळतात ही त्यातल्या त्यात दया. चिलखत घालायचं नाही, ढाल धरायची नाही, पेटतं तेल फेकायचं नाही. ताकद कितीही असली तरी तिचा जादा फायदा नाही, चपळाई असली तरी बचावात ती धरायची नाही. पहिल्या पायरीवर त्याचा बचाव आणि सदऱ्यावर बाहेर पडलेल्या वाण्याचा बचाव सारखाच.

बरं, इतकं सोसायला तयार असलेल्यालाही प्रवेश सहज नाही. ताकद १५, शहाणपण १५, चपळाई १५ आणि काटकपणा ११, शिवाय माणूसच असायला हवा आणि वृत्तीने शिस्तीचा. तीन साधे फासे टाकून बेरीज घ्यायची आणि गुण त्याच क्रमाने लिहायचे, या कडक पद्धतीने पाहिलं तर १५ किंवा वर येण्याची शक्यता २१६ मध्ये २०. ती तीनदा साधायची, वर काटकपणाला निम्मी संधी. गुणाकार केला की सुमारे अडीच हजारांत एक पात्र मंक होतं. (पुढे चार फासे टाकून सगळ्यात लहान सोडून द्यायची सवलत आली, म्हणून टेबलांवर मंक दिसू तरी लागले.)

भाच्याने फासे टाकले. ताकदीला नऊ आले. सूत्रधार पोरगी ढिम्म हलली नाही.

"मामा, बघ ना," तो म्हणाला, "चोर व्हायला नऊ लागतात, साधू व्हायला पंधरा."

हे अक्षरशः खरं आहे. चोराला चपळाई नऊ पुरते. भाचा चोर झाला आणि त्या संध्याकाळी सगळ्यांपेक्षा जास्त कमावून उठला.

भिंत हवी, भिंत

ज्यांना मंक मिळतो, त्यांची चैन वर चढल्यावर सुरू होते. सतराव्या पायरीचा मंक एका फेरीत चार वार करतो आणि प्रत्येक वाराचं नुकसान ८ ते ३२. त्याच पुस्तकात लांब तलवारीचं १ ते ८ आहे. त्याचा वेग मोकळ्या अंगाने चालणाऱ्या माणसाच्या अडीच पटीहून जास्त. अंगावर आलेले बाण तो हाताने उडवतो. तिसऱ्या पायरीवर प्राण्यांशी बोलतो, आठव्यावर झाडांशी. पाचव्यावर रोग लागत नाही, अकराव्यावर विष. कुलपं उघडतो, सापळे निकामी करतो, सावलीत लपतो, भिंत चढतो; चोराच्या विद्या बहुतेक सगळ्या. खिसा कापणं मात्र येत नाही. कुलूप चालेल, खिसा नको, ही नीती कुणी आणि कशी ठरवली असेल?

माझा आवडता नियम पडण्याचा. चौथ्या पायरीवर मंक वीस फूट खाली पडला तरी त्याला खरचटत नाही, पण भिंत एका फुटाच्या आत असली पाहिजे. सहाव्यावर तीस फूट आणि भिंत चार फुटांत. तेराव्यावर कितीही उंचीवरून, फक्त भिंत आठ फुटांत हवी. म्हणजे कोलशेतच्या नव्या टॉवरच्या गच्चीवरून तो इमारतीला लगटून पडला तर खाली उतरून सरळ वडापाव खायला जाईल. तोच विमानातून मोकळ्या आभाळात पडला, तर संपला.

सातव्या पायरीनंतर वेगळीच गंमत. आठव्या पायरीवर साऱ्या जगात तीनच मंक असू शकतात आणि त्याच्यावरच्या प्रत्येक पायरीवर एकच. जागा रिकामी नसेल, आणि ती नसतेच, तर वरच्याला शोधून काढायचं आणि शस्त्राविना, जादूच्या वस्तूंविना समोरासमोर हरवायचं. हरलात तर कमावलेले गुण कापून खाली. पदांची नावं ऐका: उत्तर वाऱ्याचा स्वामी, मग पश्चिम, दक्षिण आणि पूर्व वाऱ्याचे, त्यावर हिवाळा, शरद, उन्हाळा आणि वसंत यांचे स्वामी. सगळ्यांच्या डोक्यावर सतराव्या पायरीला कोण? फुलांचा महास्वामी. ज्याचा एक फटका तलवारीला लाजवतो, त्याच्या पदाच्या पाटीवर फुलं!

डोंगरापलीकडचे खरे

बाळकुमच्या गच्चीवरून पश्चिमेला पाहिलं की येऊरचा डोंगर दिसतो. मामा-भाचे डोंगर त्याच रांगेत. (आमच्या भाच्याने या नावावरून माझा पुरेसा छळ केलेला आहे.) या जंगलाच्या पलीकडल्या, बोरिवलीच्या अंगाला कान्हेरी. काळ्या बेसाल्टमध्ये खोदलेली शंभरावर लेणी. खोल्यांत दगडी ओटे, दाराशी पाण्याचं टाकं, आणि भिंतींवर दात्यांचे लेख, ज्यांत कल्याणचे व्यापारी आणि कारागीर दिसतात. आज कल्याण-डोंबिवलीकरांना लोकलमध्ये टेकायला जागा मिळत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्याच गावचे लोक दुसऱ्यांना झोपायला दगडी खोल्या खोदून देत होते.

इथे खरे भिक्षू राहिले, आणि एकदोन नव्हे, हजारभर वर्षं. त्यांचेही नियम होते. पाली परंपरेच्या पातिमोक्ख या नियमयादीत भिक्षूंसाठी २२७. कान्हेरीच्या मोठ्या चैत्याशी भद्रायणीय शाखेचं नाव जोडलेलं आहे, तिची यादी थोडी इकडेतिकडे असेल. गाभा सगळ्या शाखांचा मिळताजुळता. मराठीत हे वाचायचं तर धर्मानंद कोसंबींचं 'बौद्ध संघाचा परिचय' आहे. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस घरदार सोडून श्रीलंकेपर्यंत गेला, १९०२ मध्ये तिथे त्याने स्वतः दीक्षा घेतली आणि मग मराठीत लिहीत बसला. ब्रायन ब्लूमला मराठी येत असतं तर मंक फार निराळा निघाला असता.

किती निराळा, ते बघा. रागाच्या भरात दुसऱ्या भिक्षूला फटका मारणं हा दोष आहे. पुढचाच नियम सांगतो की नुसता हात उगारला तरी दोष. कूच करणाऱ्या सैन्याला बघायला जायचं नाही. काही कारणाने सैन्यात जावंच लागलं तर दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त राहायचं नाही, आणि तेवढ्या मुक्कामातही रणभूमीवर जाऊन व्यूह बघायचा नाही. हातात काठी, सुरी किंवा शस्त्र असलेल्याला धर्म सांगायचा नाही. आजारी नसताना हातात छत्री असेल तरी नाही! जुलैच्या ठाण्यात हा नियम पाळायचा तर श्रोते मिळणं मुश्कील. अर्थात पावसाळ्याचे तीन महिने भिक्षू फिरतच नसत, वर्षावासाला एका जागी राहत. कान्हेरीसारखी लेणी त्यासाठीच सोयीची.

मात्र एका बाबतीत ब्लूम-गायगॅक्स जोडीचा नेम चक्क बरोबर लागला. त्यांच्या मंकला जादूची दोनच शस्त्रं आणि जादूच्या इतर तीनच वस्तू बाळगता येतात. सहावी मिळाली तर सोडून द्यायची. खजिन्यातला वाटा साधेपणाने जगण्यापुरता ठेवायचा, उरलेला दान करायचा. ड्रॅगन मारून सोन्याच्या राशी उपसण्यावर उभ्या असलेल्या खेळात असा नियम घालणं म्हणजे धाडस होतं. आता खऱ्या भिक्षूचा हिशेब: तीन वस्त्रं, भिक्षापात्र, कमरबंद, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचं फडकं. एकूण आठ. जादा वस्त्र मिळालं तर दहा दिवसांपेक्षा जास्त जवळ ठेवता येत नाही. भिक्षापात्र फुटलं म्हणून लगेच नवं मागायचं नाही. जुन्याला पाच सांधे पडेपर्यंत तेच वापरायचं. सोन्या-रुप्याला हात लावायचा नाही.

मग वस्त्रं यायची कुठून? नाशिकच्या पांडवलेण्यातला उषवदाताचा लेख याचा चोख हिशेब देतो. क्षत्रप नहपानाच्या या जावयाने ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमचे ठेवले: २,००० महिना एक टक्क्याने, १,००० पाऊण टक्क्याने. पहिल्या रकमेचं वर्षाचं व्याज २४०, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२. गुणून पाहा, पैचाही फरक नाही. मुद्दलाला हात लावायचा नाही हेही नोंदवलेलं. एकोणीसशे वर्षांपूर्वीची फिक्स डिपॉझिट, तीही वर्षाला बारा टक्क्यांनी. कान्हेरीलाही अशा कायम ठेवींचे लेख आहेत. शिलाहारांच्या काळातल्या, इ.स. ८४३ च्या लेखात तर डागडुजी, वस्त्रं आणि पुस्तकं अशी खाती वेगळी पाडलेली दिसतात. शिलाहारांचं श्रीस्थानक म्हणजे आपलं ठाणं.

आणि कान्हेरीच्या ९० नंबरच्या लेण्यात १००९ आणि १०२१ सालचे पहलवी लेख आहेत. पारशी मंडळी बघायला आली आणि नावं कोरून गेली. 'बंटी लव्हज पिंकी'ची परंपरा जुनी आहे. फरक इतकाच की यांच्या अक्षरांवर आता पंडित लेख लिहितात.

लढणारे होतेच की

मग लढणारा साधू ही निव्वळ बाजारी कल्पना? तसंही नाही. चीनमधल्या शाओलिन मठाचे भिक्षू इ.स. ६२१ मध्ये पुढे सम्राट झालेल्या ली शिमिनच्या बाजूने लढले, त्याचा शिलालेख मठातच आहे. पण मठाची कीर्ती पसरली ती दांडपट्ट्याच्या नव्हे, साध्या दांडक्याच्या खेळाने. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यावर सचित्र पुस्तकही निघालं. बुक्क्या-लाथा नंतरच्या. आणि भारतातून गेलेल्या बोधिधर्माने तिथे युद्धकला शिकवली, ही आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांची लाडकी गोष्ट इतिहासकार मानत नाहीत. तिचं मूळ बोधिधर्मानंतर हजारेक वर्षांनी रचलेल्या एका व्यायामाच्या ग्रंथात सापडतं.

आपल्याकडचा दाखला जास्त रोखठोक आहे. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला अब्दालीच्या बाजूने शुजाउद्दौला उभा होता आणि त्याच्या फौजेत नागा गोसावी होते. अंगाला राख, हातात तलवार, समोर मराठे. त्यांचा म्होरक्या अनुपगिरी गोसावी, म्हणजेच हिंमतबहादूर. हाच पुढे महादजी शिंद्यांच्या पदरी आला. १७८९ च्या सुमारास महादजींच्या अंगावर फोड उठले, ते आजारी पडले आणि संशय आला हिंमतबहादूरने केलेल्या जारणमारणाचा. तो पळाला आणि बाजीराव-मस्तानीचा नातू अलीबहादूर याच्या आश्रयाला गेला. अलीबहादूर काही त्याला सोडेना. मराठ्यांच्या दोन सरदारांत यावरून जे बिनसलं ते बिनसलंच. शस्त्राविना, मुदतीने मारणारा संन्यासी: तेराव्या पायरीचा नियम ब्लूमला इथूनही उचलता आला असता.

फक्त दानधर्माच्या नियमात हे गोसावी साफ नापास. पेशवाईतल्या पुण्यात गोसावी सावकारी करत, व्यापार करत. सोमवार पेठेत गोसावीपुरा आजही आहे.

जागेसाठी झुंजण्याचंही आपल्याला नवल नाही. नाशिकच्या सिंहस्थात शैव गोसावी आणि वैष्णव बैरागी आधी कुणी बुडी मारायची यावरून तलवारीला तलवार भिडवत. शेवटी शैवांनी त्र्यंबकेश्वरी आणि वैष्णवांनी नाशिकला रामकुंडावर न्हायचं असा तोडगा निघाला, तो आजही चालू आहे. फुलांच्या महास्वामीलाही दुसरं तीर्थ नेमून दिलं असतं तर बरीच हाडं वाचली असती.

गेला, आला, पण हलका होऊन

१९८९ मध्ये खेळाची दुसरी आवृत्ती आली तेव्हा मूळ पुस्तकातून मंकला वगळलं. युरोपातल्या सरदार-किल्ल्यांच्या जगात हा अनवाणी पाहुणा शोभत नाही, ही तक्रार जुनीच होती. २००० साली तिसऱ्या आवृत्तीत तो परतला आणि आजही ठाण मांडून आहे. पण परतताना काय काय टाकून आला पाहा: पाच वस्तूंची मर्यादा गेली, दान गेलं, जागेसाठीचं द्वंद्व गेलं. पाचव्या आवृत्तीत शिस्तीच्या वृत्तीची अटही नाही. आता मंक म्हणजे वेगाने बुक्क्या मारणारा गडी. खेळायला तो नक्कीच बरा आहे, पहिल्याच दिवशी उंदराच्या चाव्याने मरत नाही. पण मला विचाराल तर बुक्क्या थरारकथांतून आणि सिनेमातून आल्या होत्या आणि संन्यास अटींमध्ये होता; नव्या पुस्तकांनी बुक्क्या ठेवल्या.

जुन्या मंकचा एक वारस मात्र अस्सल निघाला, तोही जपानमध्ये. १९८७ च्या 'फायनल फँटसी' या व्हिडिओ गेममध्ये तो होता, इंग्रजीत गेल्यावर त्याचा 'ब्लॅक बेल्ट' झाला. वरच्या पायऱ्यांवर त्याच्या रिकाम्या हातांचा मार कुठल्याही शस्त्रापेक्षा जास्त. पोरं मेहनतीने सोनं साठवून त्याला हत्यार घेऊन देत आणि मग बघत, तर मार उलट कमी झालेला. दुकानात परत विकायला गेलं की निम्मेच पैसे.